कॉलर टाइट!

एक सोप्पा प्रश्न विचारते. कॉलरवाला टी-शर्ट म्हणजे शर्ट की टी-शर्ट?

मुलांना हा प्रश्न आयुष्यात कधी पडत नाही. कपाटात हात घातला, जो लागला तो डोक्यातून चढवला, निघाले. ट्रेकला तोच, कॅज्युअल फ्रायडेला तोच, आणि मित्राच्या साखरपुड्याला जायचं असेल तरी तोच, फक्त डिओ जरा जास्त. पण एखादीने तोच टी-शर्ट घालून ऑफिसच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की चर्चासत्र सुरू! फार टाइट आहे. फार ढगळ आहे. बॉयिश दिसतेस. पी.टी.च्या मॅडम वाटतेस. 'काय गं, पेट्रोल पंप जॉइन केलास का?' (हा शेवटचा जोक मी तीन वेगवेगळ्या ऑफिसांत ऐकलाय. सो प्लीज, नवीन काहीतरी काढा राव.)

बायकांच्या कपड्यांवर मत द्यायला ना डिग्री लागते ना एक्स्पीरियन्स. तेव्हा आज माझंही मत ऐकून घ्या. मला बायकांनी पोलो घातलेला आवडतो. मनापासून आवडतो. आणि त्याचं कारण कुठल्याही रॅम्पवर नाही, नंदुरबारला आहे.

हसलात? हसा. नंदुरबार म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्यांना दोनच गोष्टी आठवतात, कुपोषणाच्या बातम्या आणि बदलीची धमकी. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, सातपुड्याच्या कुशीतला हा आमचा जिल्हा. वर नर्मदा, मधून तापी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दहातली जवळपास सात माणसं आदिवासी. मे महिन्यात पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो. आणि नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर एक बाक असा आहे की अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. शर्ट आणि टी-शर्ट यांच्या बरोब्बर हद्दीवर बसलेला हा कपडा मला घरचा वाटतो तो बहुतेक त्यामुळेच.

आमच्याकडे त्याला पोलो म्हणत नाहीत. पोलो म्हणजे मधे भोक असलेली मिंटची गोळी. हा साधा 'कॉलरचा टी-शर्ट'. आणि शहादा, तळोदा, नंदुरबारच्या कितीतरी घरांत मुलीच्या अंगावर आलेला पहिला 'वेस्टर्न' कपडा हाच असतो. निगोशिएशनच तशी चालते. जीन्सला बाबा नाही म्हणतात, मग जीन्सवर लांब कुर्ता चालतो. मग पुढची पायरी, टी-शर्ट. गोल गळ्याचा? छे! बिनबाह्यांचा? विषयच नाही. कॉलरचा? इथे जरा विचार होतो. आजी चष्म्यावरून बघते, कापड बोटात धरून चोळते आणि निकाल देते, 'कॉलर शे ना? मंग चाली जाई.'

त्या दोन इंच कॉलरमध्ये एवढं काय असतं, देव जाणे. खालचं कापड तेच, बाह्या त्याच, लांबी तीच. पण कॉलर आली की त्यात शाळा येते, शिस्त येते, एन.सी.सी. येते. गळा झाकला जातो म्हणून म्हणावं तर ओढणीचाही तोच दावा असतो, आणि तो दावा किती खरा असतो हे ओढणी सांभाळत बस पकडणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. मला वाटतं, कॉलर म्हणजे एक प्रकारचा पासपोर्ट आहे. मुलगी घराबाहेर चाललीय ती मजा मारायला नाही, काहीतरी कामाला, असा शिक्का त्याच्यावर असतो. मोहल्ल्यातली एखादी काकू तरीही दारातून हाक मारतेच, 'हाई काय घालेल शे वं माय, भाऊना शर्ट?' पण त्या हाकेत राग कमी आणि चौकशी जास्त असते.

आता गंमत बघा. मुलीच्या टी-शर्टवरून ज्या घरात आठवडाभर वाटाघाटी चालतात, त्याच घरातली आई कापूस वेचायला निघताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवते. आणि चकार शब्द कुणी काढत नाही!

तुम्ही एस.टी.च्या खिडकीतून पाहिलंच असेल. हे फक्त आमच्याकडे नाही, अख्ख्या महाराष्ट्राच्या शेतांत दिसतं. साडी, त्यावर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटनं, डोक्याला रुमाल. कारणं अगदी प्रॅक्टिकल आहेत. कपाशीची वाळलेली बोंडं हात ओरबाडतात. पानांची खाज सुटते. फवारलेलं औषध कातडीला लागतं. ऊन तर आहेच. साडीचा पदर आणि ब्लाउजच्या वीतभर बाह्या यांपैकी कशालाच पुरत नाहीत. नंदुरबार तर मिरचीचं गाव. हंगामात शहराबाहेर पथाऱ्या पसरतात, म्हणजे मिरची वाळवायची मोकळी मैदानं, नजर जाईल तिथवर लाल गालिचा. फोटो काढायला झक्कास! पण तिथे बसून दिवसभर मिरचीचे देठ खुडायचे तर अंगाची आग होते. तिथे शर्ट ही फॅशन नाही, चिलखत आहे.

आणि हा शर्ट दर वेळी शर्टच असतो असं नाही. कधी पोराचा जुना कॉलरचा टी-शर्ट असतो, कधी बियाण्याच्या कंपनीने वाटलेला, कधी कुठल्याशा निवडणुकीतून उरलेला. छातीवर लोगो, पाठीवर घोषणा. माझ्या आयुष्यात मी पाहिलेल्या पहिल्या पोलोवाल्या बायका या अशा, बांधावर भाकरी सोडून बसलेल्या. सगळ्यांच्या अंगात दोन साइझ मोठा. एकीलाही कुणी 'बॉयिश' म्हटलं नाही. म्हणजे प्रॉब्लेम बाईने पुरुषाचा कपडा घालण्याचा नाहीच आहे, बॉस. तो कपडा घालून ती कुठे चाललीय, याचा आहे. शेतात चालली तर कष्टाळू. कॉलेजात चालली तर शेफारलेली. ऑफिसात गेली तर... तुम्हीच ठरवा.

आता थोडा इतिहास, कारण ऑफिसातल्या त्या जोकवाल्या मुलाला तोंडावर मारायला उपयोगी पडतो.

हा 'पोलो' पोलोचा नाहीच मुळी, टेनिसचा आहे. रेने लाकोस्त नावाचा फ्रेंच टेनिसपटू होता. त्या काळी पुरुष लांब बाह्यांचे, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून कोर्टवर उतरायचे. याला ते जाचायला लागलं. १९२६ च्या अमेरिकन चॅम्पियनशिपमध्ये तो आखूड बाह्यांचा, मऊ कॉलरचा, जाळीदार विणीचा सुती शर्ट घालून आला. टोपणनाव होतं 'मगर', म्हणून पुढे छातीवर मगर आली. १९३३ मध्ये त्याने आंद्रे जिलिए या होजिअरीवाल्याला घेऊन कंपनीच काढली. त्या शर्टाचं नाव एल.१२.१२. एल म्हणजे लाकोस्त, १ म्हणजे ती खास वीण, २ म्हणजे आखूड बाह्या आणि १२ म्हणजे बारावा नमुना, जो शेवटी पास झाला. ती वीण आपल्याकडच्या होलसेल मार्केटात 'मॅटी' नावाने मिळते. कापडाला बारीक खळगे असतात, त्यांतून हवा खेळते, आणि कापड अंगाला चिकटत नाही. मे महिन्यातल्या नंदुरबारसाठी याहून चांगला शोध लागलेला माझ्या माहितीत नाही.

पोलो खेळणाऱ्यांनी तो नंतर उचलला, आणि १९७२ मध्ये राल्फ लॉरेनने घोडेस्वार छातीवर शिवून चोवीस रंगांत विकायला काढला तेव्हापासून 'पोलो' हे नाव पक्कं चिकटलं. पण त्याच्या आधी एक वर्ष, १९७१ मध्ये, तो घोडेस्वार पहिल्यांदा कशावर झळकला माहितीये? बायकांच्या शर्टाच्या कफवर! म्हणजे छातीवर घोडा मिरवणाऱ्या तमाम दादा लोकांनो, तो घोडा आधी आमचा होता.

मगरवाल्याच्या घरातही तेच. लाकोस्तची बायको सिमोन हिने १९२७ मध्ये ब्रिटिश लेडीज अमॅच्युअर ही गोल्फची स्पर्धा जिंकलेली, लग्नाच्या आधीच. मुलगी कॅथरीनने १९६७ मध्ये यू.एस. विमेन्स ओपन जिंकली, तीही अमॅच्युअर म्हणून, सगळ्या प्रोफेशनल बायकांना मागे टाकून. आणि खऱ्याखुऱ्या पोलोचं म्हणाल तर तो इंग्रजांनी आपल्या मणिपूरकडून उचलला. त्याच मणिपुरात, इम्फाळला, २०१६ मध्ये परदेशी संघ बोलावून बायकांची पोलो स्पर्धा भरली होती. आमच्या जिल्ह्यात घोडा म्हणजे सारंगखेडा. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोडेबाजारात कोटींची उलाढाल होते. यात्रेत ठेल्यावर घोडा शिवलेले टी-शर्टही लटकलेले असतात. त्यातल्या घोड्याला कधी कधी पाच पाय असतात, पण ते सोडा.

एवढी सगळी हिस्टरी असताना बायकांसाठी म्हणून जो पोलो दुकानात मिळतो तो बघितलात का? माझा खरा राग तिथे आहे. तिरुपूरला तीच मशीन, तोच धागा, तेच कामगार. पण 'लेडीज' लेबल लागलं की कापड पातळ होतं. बाह्या इतक्या आखूड की खांद्यावरून ओघळायच्या बाकी राहतात. लांबी एवढी की वरच्या शेल्फवरची फाइल काढायला हात उंचावला की पोट एसीत. बटनपट्टीला दोन-तीन बटनं, त्यातलं एक निव्वळ शोभेचं. आणि खिसा! आपल्या काका लोकांच्या कॉलर टी-शर्टाला छातीवर खिसा असतो. त्यात पेन, चष्मा, बसचं तिकीट, एक सुट्टी गोळी, असा संसार मावतो. बायकांच्या टी-शर्टाला खिसा शिवला तर जणू आकाश कोसळणार आहे. मुळात ज्या माणसाने हा शर्ट बनवला त्याला हात मोकळे हवे होते, धावायला सोपं हवं होतं. ते सगळं काढून घेऊन उरलं काय? रंग. त्यातही अर्धे बेबी पिंक.

कंपनीचा टी-शर्ट हे आणखी वेगळं प्रकरण. फाउंडेशन डे आला की एच.आर. बॉक्स उघडतं. मुलांना विचारतात, एल की एक्सएल? मुलींच्या हातात न विचारता एस. का, तर 'तुम्ही बारीक आहात ना!' थँक यू, पण मला श्वासही घ्यायचा असतो.

एका कंपनीतला किस्सा सांगते, नाव नको. परदेशातून क्लायंट यायचे होते. सगळ्या टीमसाठी नेव्ही ब्लू पोलो आले. मस्त जाड, २२० जीएसएमचे, छातीवर भरतकाम. आदल्या संध्याकाळी मेल आला, मुलांनी टी-शर्ट घालावा, मुलींनी 'डीसेंट इंडियन फॉर्मल्स' घातले तरी चालतील. 'चालतील' या शब्दाचा ऑफिसात अर्थ काय होतो हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी आम्ही सहाही जणी कुर्त्यांत. ग्रुप फोटो निघाला. नंतर तो ऑफिसच्या रिसेप्शनवर मोठा करून लावला. त्यात तुम्हाला काय दिसतं? निळ्या टी-शर्टातली एक टीम, आणि कडेला सहा पाहुण्या. त्या प्रोजेक्टचं अर्धं कोडिंग त्या सहा पाहुण्यांनी केलं होतं. आमच्यातली एक धडगावची, वर्गात कायम पहिली आलेली, स्वतःच्या गावातून पुण्याला नोकरीला लागलेली पहिली मुलगी. तिने तो टी-शर्ट घरी नेऊन आईला दाखवला होता. आईला लोगो वाचता येत नव्हता, पण भरतकामावरून बोट फिरवून ती म्हणाली होती, 'आता तू यांची झालीस.' फोटोत ती यांची दिसत नाही.

म्हणूनच मला 'कपड्यात काय ठेवलंय' म्हणणाऱ्यांचा जाम कंटाळा येतो. युनिफॉर्म म्हणजे हजेरीपट आहे. ज्याच्या अंगावर आहे तो आत, ज्याच्या नाही तो व्हिजिटर.

सरकारही काही मागे नाही बरं का. ८ डिसेंबर २०२० ला राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल परिपत्रक काढलं. जीन्स नको, टी-शर्ट नको. बायकांनी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, किंवा ट्राउझरवर कुर्ता वा शर्ट, आणि गरज वाटली तर दुपट्टा. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही निर्णय आला. शिक्षिकांना साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा, तर पुरुषांना शर्ट-पँट, शर्ट आत खोचलेला. मी सरकारी ऑफिसात बर्म्युडा घालून बसायच्या बाजूची मुळीच नाही. टापटीप हवीच. पण हे नियम मंत्रालयातल्या एसीत बसून लिहिले की त्यांना सातपुडा दिसत नाही. अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या शाळेत जायचं तर बाई आधी जीपला लोंबकळतात, मग डोंगर चढतात, मग ओढा ओलांडतात. दुपट्टा पहिल्याच करवंदीच्या जाळीत अडकतो.

त्याच वर्षी, २०२० च्या लॉकडाउनमध्ये, आपल्या जिल्ह्यातल्या रेलू वसावेंची बातमी देशभर गाजली होती. नर्मदाकाठच्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका. कोरोनाच्या भीतीने बायका-पोरं केंद्रात येईनात, तर या मासेमाराची नाव मागून घेऊन स्वतः वल्हवत निघाल्या. अठरा किलोमीटर. बाळांची वजनं घ्यायला, गरोदर बायकांची तपासणी करायला, आहार पोचवायला. वल्हं मारून हात भरून येतात, खांदे दुखतात, पुन्हा दुसऱ्या फेरीला जायचं. ती बातमी पेपरांत आली आणि काही दिवसांतच वरचं परिपत्रकही आलं. दोन्ही कात्रणं माझ्याकडे आहेत. एकात सरकारी काम म्हणजे काय ते कळतं, दुसऱ्यात ते कशात शोभून दिसतं ते. आखूड बाह्यांचा, हात मोकळे ठेवणारा, हवा खेळवणारा तो फ्रेंच माणसाचा शर्ट नेमका कुणासाठी बनलाय असं विचारलंत तर मी पहिलं बोट नाव वल्हवणाऱ्या बाईकडे करीन. जगात बाकी ठिकाणीही शहाणपण फार वेगळं नव्हतं म्हणा. २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन संघटनेने बायकांना स्कर्टची सक्ती करायचा घाट घातला होता, म्हणे खेळ आकर्षक दिसावा. ओरड झाली, २०१२ मध्ये गुपचूप गुंडाळलं.

मराठीत एक मज्जा आहे. बाई कामाला लागली की 'पदर खोचते'. पुरुषाचं काम फत्ते झालं की त्याची 'कॉलर टाइट' होते. म्हणजे आमच्या वाट्याला सुरुवातीची मेहनत, त्यांच्या वाट्याला शेवटची ऐट! अझरुद्दीन कॉलर वर करून फिल्डिंगला उभा राहिला तर स्टाइल. साताऱ्यात उदयनराजेंनी कॉलर उडवली की शिट्ट्या. आणि एखाद्या मुलीने अप्रेझल मिळाल्यावर हसत हसत पोलोची कॉलर नुसती सरळ केली तरी पलीकडच्या क्युबिकलमधून, 'ओहो, अ‍ॅटिट्यूड!'

मुलांच्या बाजूने एक मान्य करायला हवं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना यातलं काही माहीतच नसतं. त्या ग्रुप फोटोबद्दल मी एकाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, 'अगं, आम्हाला वाटलं तुम्हाला ट्रॅडिशनल आवडतं.' आवडतं की! पैठणी आवडते, कुर्ता आवडतो, दिवाळीला नथही घालते. आवडणं आणि मेल येणं यात फरक आहे, एवढंच.

आता कामाचं बोलू. मैत्रिणींनो, पोलो घ्यायचा तर सरळ मेन्स सेक्शनमध्ये जा. सेल्सगर्ल 'मॅडम, लेडीज त्या साइडला' म्हणेल, तिला गोड हसा (तिच्याही अंगावर कंपनीचा पोलोच असतो, आणि तोही बहुधा एक साइझ लहान). स्मॉल किंवा मीडियम घ्या, खांद्याची शिवण खांद्यावर येतेय का बघा. कापड बोटात धरून चोळा, आमच्या आजीसारखं. उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसलं तर ठेवून द्या. कॉलर रिबची आहे की नुसतं कापड दुमडलंय ते तपासा, दुमडलेली दोन धुण्यांत पापडासारखी वळते. बाह्या कोपराच्या जरा वर आल्या तर उत्तम. पहिल्यांदा धुताना उलटा करा, कडक उन्हात वाळत घालू नका. आणि खिसा असेल तर डोळे मिटून घ्या.

माझा बाटलीच्या हिरव्या रंगाचा आहे, खिसावाला. दिवाळीत गावी गेले तेव्हा आईने धुवायला नेला तो परत दिलाच नाही. परवा व्हिडिओ कॉलवर दिसला. साडीवर घातला होता, खिशात चष्मा होता, आणि ती तूर बघायला निघाली होती.